फरकाला बत्तीस लागत नाहीत

आधी बत्तीस वजा, मग पाचाने गुणा, नवाने भागा,
शेवटी दोनशे त्र्याहत्तर पूर्णांक पंधरा मिळवा.
सास्काटूनच्या विद्यापीठातल्या रेमीने
कागदावर लिहून दिलं,
माझ्या चष्म्याकडे बघून, मोठ्या अक्षरात.
म्हटलं, बाळा, एकतीस वर्षं बँकेत
लोकांचे पैसे मोजलेत मी.
बत्तीस वजा करता येतात मला.

आईच्या वह्या बावीस.
हिरव्या पुठ्ठ्याच्या, हवामान खात्याच्या,
काही पानांवर बिटाचे डाग.
सकाळी सात, संध्याकाळी पाच,
अंगणातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीपाशी
परास्का ह्नात्युक,
बाबांचे बूट घालून,
आकडा वाचेपर्यंत श्वास रोखून,
कारण श्वासानेही रेघ चढते, म्हणायची.
नोंद पेन्सिलीने. शाई गोठते.
पगार नाही. वर्षाकाठी आभाराचं एक पत्र,
त्यात नाव चुकलेलं, दर वर्षी वेगळं.

पंचाहत्तरच्या एक एप्रिलला
रेडिओ म्हणाला, आजपासून सेल्सियस.
दिमित्रोकाकाला वाटलं, थट्टा चाललीय,
पुढे आठवडाभर तो नुसता हसत होता.
आईने पान उलटून नवा रकाना आखला.
पाव मात्र साडेतीनशेवरच भाजत राहिली.
मीही भाजते. आमच्याकडे हे असंच,
अंगण एका मापात, भट्टी दुसऱ्या.

आता मी रोज एक महिना टंकते.
अठरा आत घातले की बाहेर येतात
दोनशे पासष्ट पूर्णांक सदतीस.
ते सदतीस आईने कधी पाहिले नव्हते.
केल्व्हिनमध्ये उणे नसतंच काही.
सरपण संपलेला हिवाळासुद्धा
कसा भरल्या घरासारखा दिसतो.

आणि मग सदुसष्टचा जानेवारी, अठरा तारीख.
सकाळी सात : उणे एकतीस.
खालच्याच ओळीत, पुन्हा सकाळी सात :
एकशे चार.
संगणकाने ओळ लाल केली.
अशक्य मूल्य. तपासा.

तपासलं.
आकडा तिचाच, चारचं पोट उघडं ठेवायची तिची सवय.
मी सहा वर्षांची होते तेव्हा.
डॉक्टर कॅनोरात, रस्ता बर्फाखाली,
माझ्या पायांत व्हिनेगरमध्ये भिजवलेले मोजे.
छत हळूहळू खाली येत होतं, एवढं आठवतं,
आणि दारात बूट झटकल्याचा आवाज,
मग कपाळावर एक हात,
इतका गार, की मी तो धरूनच ठेवला.
त्या हातानेच लिहिलं असणार तिने,
बाहेरचं आणि लगोलग आतलं,
तापमानाच्या रकान्यात ताप.

मी दोन्ही आकडे बदलून घेतले.
उणे पस्तीस. चाळीस.
फरक पंचाहत्तर.
मग उलटून पाहावं म्हणून जुन्या मापात केला :
एकशे पस्तीस. त्यातून बत्तीस वजा,
गुणिले पाच, भागिले नऊ. आले सत्तावन्न.
पुन्हा केलं. सत्तावन्नच.
बँकेत असं झालं की आम्ही घरी जात नसू.

रेमीला फोन केला रात्री नऊ वाजता.
तो काहीतरी खात होता.
म्हणाला, फरकातून बत्तीस वजा नाही करायचे.
नुसते पाच नवमांश.
शून्य कुठे धरलं होतं,
याच्याशी फरकाचं काही देणंघेणं नसतं.
आणि ती एकशे चारची ओळ काढून टाका,
ती हवा नाहीये.

पंचाहत्तर अंश.
मधे फळ्यांची एक भिंत, पोटात लाकडाचा भुसा,
आणि एक बाई, आत बाहेर करणारी.

ओळ काढली. हवा नव्हतीच ती.
पण वहीत, समासात, पेन्सिलीने,
चारचं पोट उघडं ठेवून
एकशे चार पुन्हा एकदा लिहिले,
आणि पुढे :
नोंद बरोबर. पेटी वेगळी.